मिरगापर्यंतची मुदत

माघात आभाळ गडगडेल, हे आमच्या गावात कोणीही धरून चालले नव्हते. थंडी उतरणीला लागली होती, हरभरा घाट्यांनी भरला होता, आणि दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, कापणीला आली होती. अशा दिवसांत एका दुपारी पश्चिमेकडून ढग चढले, संध्याकाळी विजा चमकू लागल्या आणि दिवेलागणीला आभाळ असे गाजले की गोठ्यातली जनावरे उठून उभी राहिली. गावातल्या इतरांना आपापल्या पिकांची काळजी पडली. माझा चुलतभाऊ सुपडू मात्र डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन भिजत माझ्या ओसरीवर आला.

"नाना," तो म्हणाला, "गाजनं."

"ऐकलं मी."

"सकायनी धुयानी गाडी कव्हय शे?"

धुळ्याच्या गाडीचा हा प्रश्न त्याने महिन्यापूर्वी विचारावा म्हणून मी त्याच्या किती विनवण्या केल्या होत्या. पौषात एका दुपारी तो विहिरीवर मोट हाकीत असताना शेजारच्या तुरीतून एक कोल्हा सरळ चालत आला, माणसाला न भिता त्याच्या अंगावर गेला आणि त्याच्या डाव्या हातात दात रोवून लोंबकळला. सुपडूने कुदळीच्या दांड्याने त्याला तेथेच मारले. भर दिवसा माणसांत येणारा कोल्हा पिसाळलेलाच असतो, याबद्दल गावात दुमत नव्हते. दुमत होते ते पुढे काय करायचे याबद्दल.

मी सरकारी बांधकाम खात्यातली ओव्हरसिअरची नोकरी पुरी करून गावी येऊन राहिलो होतो. त्याआधी पुण्याच्या कॉलेजात स्थापत्य शिकलो होतो. त्यामुळे माझ्या मताला गावात मान होता. मात्र तो पूल, पाट आणि भिंती यांच्यापुरता. धुळ्याच्या सरकारी इस्पितळात पोटात सुया टोचतात, त्या घेतल्याच पाहिजेत, उद्याच निघू, असे मी म्हणालो. गावाचे म्हणणे असे की औषध जीवरामच्या घरात आहे. जीवराम हा काही भोंदू नव्हे. त्याच्या घराण्यात एका मुळीची माहिती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ती उगाळून गुळातून द्यायची, आणि बदल्यात कोणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही. औषधाबरोबर पथ्य: तेल नाही, आंबट नाही, वाहते पाणी ओलांडायचे नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की चावलेल्या जनावराचे विष अंगात झोपून राहते आणि आभाळ गाजले की जागे होते.

घोटाळा झाला तो येथे. आषाढात कोल्हा चावला असता, तर सुपडू त्याच दिवशी धुळ्याला धावला असता, आणि जीवरामनेच त्याला गाडीत बसवून दिले असते. पण चावा पौषातला. आभाळ गाजणार मिरगाला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला. म्हणजे हाताशी भरपूर मुदत होती, असा सगळ्या गावाने हिशोब मांडला. सुपडूने सुयांना कधीच नकार दिला नाही. तो मोठा व्यवस्थित माणूस होता. त्याने कामे ओळीने लावली: आधी दादर कापायची, मग हरभरा उपटायचा, होळी करायची, आणि मग धुळे.

"विषाला मिरग कळत नाही, सुपडू," मी म्हणायचो.

"तू काय कोल्हाले इचारी उना का?" तो हसायचा. "आभाय गाजत नही तोवर इख झोपेल ऱ्हास. तुले तुन्हा पूल समजतस, जीवरामले त्यानं औषध समजस. दादर कापाई गई का मी येसू तुन्हासंगे."

आणि आता दादर वावरात उभी होती, आणि आभाळ गाजले होते.

पहाटे निघालो तेव्हा पाऊस थांबला होता, पण हवेत बारीक झिमझिम होती. बैलगाडीचा प्रश्नच नव्हता. आमच्या काळ्या मातीत एवढ्या पावसानंतर गाडी घातली की चाक मातीत नव्हे, मातीच चाकात बसते, आणि बैल नुसते उभे राहतात. शिरूडचे स्टेशन अडीचेक कोसांवर. पायी जाण्यावाचून मार्ग नव्हता. पुढे मी, मागे सुपडू, आणि त्याच्या मागे चार पावले सोडून त्याची बायको तानुबाई.

तानुबाईविषयी एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. मी सुपडूहून वडील, म्हणून तिचा जेठ. आमच्याकडे भावजय जेठासमोर तोंड उघडे ठेवीत नाही आणि त्याच्याशी बोलत नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नोकरीवर होतो. तेव्हापासून आजवर तिचा शब्द मला उद्देशून कधी आला नव्हता. काही सांगायचेच झाले तर ती माझ्या देखत म्हशीला सांगे, चुलीला सांगे, आणि मी ते ऐकून घ्यावे अशी रीत होती. ती रीत आम्ही दोघेही चांगली पाळीत असू.

गावकूस संपले आणि वावरे सुरू झाली. उजाडत होते, पण सूर्य कोठे आहे ते समजत नव्हते. रात्रीच्या वाऱ्याने दादरीची ताटेच्या ताटे आडवी केली होती. भरलेली कणसे चिखलात टेकली होती. हरभऱ्याची आंब धुऊन गेली होती आणि त्या शेतांतून एरवी येणारा आंबूस वास आज येत नव्हता. एक टिटवी आमच्या डोक्यावरून सारखी ओरडत फिरत होती. प्रत्येक पावलाला पायातल्या वहाणा जड होत होत्या. थोड्या वेळाने माझ्या उजव्या पायातली वहाण मातीत राहिली आणि पाय रिकामा पुढे आला.

"नाना," मागून सुपडू म्हणाला, "तू इतल्या सडका बांध्यात, एक आपला गावनी बांधी लेता."

"सरकारला तुझं गाव सापडलं नाही."

"कोल्हाले बरं सापडनं."

मी हसलो. त्याला असे बोलताना ऐकून मला धीर आला. वहाणा हातात घेऊन आम्ही अनवाणी चालू लागलो. तेव्हा माझ्या लक्षात आले की तो वाटेच्या मधून चालत नव्हता. वाटेत ठिकठिकाणी गाड्यांच्या चाकोऱ्यांत पाणी साचले होते. मी त्यातूनच पाय टाकीत होतो, तो मात्र बांधावर चढून, काट्यांतून, लांबून वळसा घालीत होता. उपरणे त्याने नाकातोंडावरून घट्ट गुंडाळले होते. वाऱ्याची झुळूक आली की तो मान खाली घालून उभा राही. डावा हात तो सारखा चोळीत होता.

"हात दुखतो?"

"मुंग्या येतस. गारठाना."

गारठा होताच. मला ते पटले.

सुपडूच्या वावराजवळ आलो तेव्हा तो थांबला. आडव्या झालेल्या दादरीकडे त्याने पाहिले. बांधावर एक बाभूळ होती. तानुबाई तिच्यापाशी उभी राहिली आणि पदराआडून झाडाला म्हणाली, "बाभूयमाय, काल रातले ताट तसंच ऱ्हायनं वं. भाकर मोडी नही, नि —"

"चूप ऱ्हाय!" सुपडू एकदम ओरडला. त्याचा आवाज घोगरा आणि विचित्र निघाला. त्याचे त्यालाच वाईट वाटले असावे, कारण लगेच हलक्या सुरात तो म्हणाला, "भूक नही व्हती. आभायना भ्याव व्हता. चाल, गाडी चुकी जाई."

जेवला नाही, तर भीतीने जेवला नाही, असे मी समजलो. भीती सर्वांनाच होती. माझी भीती गाडीची होती. ही गाडी चुकली तर धुळे दुपारवर जाणार होते, आणि मी मनाशी इस्पितळातल्या डॉक्टरांना काय काय सांगायचे त्याची जुळणी करीत होतो.

वाट उताराला लागली आणि नाल्याचा आवाज ऐकू आला.

हा नाला पुढे बोरी नदीला मिळतो. पौष निघताच तो कोरडा पडतो. गेला महिनाभर त्यातून शेळ्या चालत होत्या, आणि पथ्य न मोडता सुपडू केव्हाही पलीकडे जाऊ शकला असता. आता तो तांबूस पाण्याने या काठापासून त्या काठापर्यंत वाहत होता. मी पुढे जाऊन पाहिले. बाभळीची एक फांदी मोडून पाण्यात उभी केली, चार ठिकाणी तळ चाचपला. पाणी गुडघ्याच्या वर नव्हते. तळ वाळूचा आणि पक्का होता. ओढ होती, पण तिघांनी हात धरले तर धोका नव्हता. अशा प्रवाहांतून मी नोकरीत किती वेळा गेलो असेन. मी वळून हाक मारली.

सुपडू वर, उताराच्या माथ्यावरच थांबला होता.

"ये. गुडघाभरच आहे."

"नाना, वाहतं पानी वलांडानं नही."

मला राग आला. "अरे, पथ्य कुठवर होतं? आभाळ गाजत नाही तोवर. आता गाजलं ना? तुझ्या जीवरामच्याच हिशोबाने पथ्य संपलं. ये."

"तू वकील व्हता ते बरं व्हतं," तो म्हणाला. पण पुढे आला नाही.

मी परत चढ चढून त्याच्यापाशी गेलो. तर्काने, रागाने, हात जोडून, सगळ्या प्रकारे सांगितले. पलीकडे सपाट माळ होता, त्याच्यापुढे रुळांची रेघ. आभाळ उघडले असते तर सिग्नल दिसला असता. एवढ्या जवळ येऊन एका मुळीवाल्याच्या शब्दापायी हा माणूस अडतो आहे, याचे मला मनस्वी दुःख होत होते. शेवटी तो म्हणाला, "बरं. चाल." आणि माझा हात धरून उतरू लागला. त्याचा हात तापलेला होता. निम्म्या उतारावर आल्यावर पाण्याचा आवाज मोठा झाला. त्याची पकड घट्ट होत गेली. पाणी दिसू लागताच त्याने डोळे मिटले आणि तसाच चार पावले आला. मग नाल्यावरून वाऱ्याचा एक थंड झोत आला आणि त्याच्या तोंडावरचे उपरणे उडाले.

त्याची मान एकदम ताठ झाली. गळ्याच्या शिरा वर आल्या. कोणी आतून दोरी ओढावी तसा सगळा गळा आवळला गेला. श्वास आत जाईना. त्याने माझा हात झिडकारला आणि चिखलात घसरत, हातांनी माती धरीत तो वर पळाला. वर जाऊन दगडावर बसला आणि धापा टाकू लागला. तोंडातून लाळ गळत होती; ती तो गिळत नव्हता, उपरण्याने पुशीत होता.

मी अजूनही काय म्हणणार होतो, ठाऊक नाही. बहुधा डोळे बांधून पाठुंगळी नेण्याविषयी बोलणार होतो. तोच तानुबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. जवळपास झाड नव्हते, जनावर नव्हते. तिने पदर मागे टाकला आणि सरळ माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत प्रथमच मी तिचा चेहरा पाहिला. कपाळावर गोंदण होते आणि केस पांढरे झाले होते.

"नाना," ती म्हणाली, "तेस्नी काल सकायपाईन पानीना घोट लिधा नही. गडवा तोंडले लावतस नि फेकी देतस. गाजानं पहिलेपाईन. गाजाना आदूगरपाईन, नाना. माले सांगता उनं नही."

मग ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

गाजण्याच्या आधीपासून. विषाने आभाळाची वाट पाहिली नव्हती, हे माझेच म्हणणे होते. ते खरे ठरले होते, आणि त्याचा कोणालाही काही उपयोग नव्हता. भडगावकडे कालव्याच्या दुरुस्तीवर असताना माझ्या हाताखालच्या एका मजुराला कुत्रे चावून हेच झाले होते. तेव्हा चाळीसगावहून आलेल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते की पाण्याची धास्ती एकदा दिसू लागली म्हणजे सुयांचा काळ निघून गेलेला असतो. मग मोठ्यातला मोठा दवाखानाही काही करू शकत नाही. त्या मजुराला आम्ही खोलीत कोंडले होते. मी बाहेर उभा होतो.

पलीकडे, माळाच्या टोकाला, गाडीची शिटी झाली. धुराची एक रेघ झिमझिमीत वर चढली.

"नाना," तानुबाई म्हणाली, "पुढली गाडीले जाऊत. तठला डाक्टर करतीन ना काही?"

हा तिने मला विचारलेला पहिला प्रश्न होता. हो म्हटले असते, तर आम्ही दोघांनी मिळून त्याला बांधून त्या पाण्यातून ओढत नेले असते, आणि तो इस्पितळातल्या अनोळखी खोलीत बाहेरून कडी लावलेल्या दाराआड मेला असता. नाही म्हटले, तर परत गावी. आणि गावाला समजताच भीतीने चारजण येऊन त्याला दोरांनी खाटेला आवळणार होते. तिसरी वाट मी शोधीत होतो. आयुष्यभर माझे काम तेच होते: अडलेल्या जागी वाट काढणे.

सुपडू दगडावरून आमच्याकडे पाहत होता. झटका ओसरला होता आणि त्याचे डोळे पूर्ण शुद्धीवर होते. या रोगाचे ते एक क्रौर्य आहे की माणसाला सगळे समजत असते.

"नाना, ती इचारी राहयनी. सांग ना तिले."

मी मान हलविली. हो किंवा नाही असे काहीच त्यातून निघत नव्हते, तरी त्याने ते बरोबर वाचले.

"मंग काय," तो म्हणाला. "मी आते चाऊ का काय तुमले?"

"असं बोलू नको."

"बोलस म्हनजे अजून माणूस शे." त्याने हसायचा प्रयत्न केला आणि हसणे गळ्यात अडकले. सावरल्यावर तो बायकोला म्हणाला, "घर चाल. माले दवाखानानी खोलीमा नही मरानं. पन घरमा गई का तू दूर बस. गाभन गाय बी दूर बांध. नाना दोर बांधी. दुसरा कोनी नको."

ती रडली नाही. "मी दूर नही बसत," एवढेच म्हणाली.

आम्ही परत फिरलो. वारा फिरून आता समोरून येऊ लागला होता. तानुबाईने अंगावरची घोंगडी काढली, दोन्ही हातांनी पसरून धरली आणि नवऱ्याच्या पुढे पाठमोरी, उलट्या पावलांनी चालू लागली, म्हणजे झुळूक त्याच्या तोंडावर येऊ नये. मी तिला दिशा सांगत होतो: डावीकडे खड्डा आहे, पुढे काटे आहेत, जरा थांब. ती मला उत्तरे देत होती. आता आमच्यात मध्ये झाड किंवा म्हैस लागत नव्हती.

काही वेळाने झिमझिम थांबली आणि ढग फाटले. ऊन पडले. आडव्या दादरीला ते ऊन मिळावे म्हणून सगळे गाव त्या वेळी आभाळाकडे पाहत असेल. पण ऊन पडताच वाटेवरचे एकूण एक डबके चमकू लागले. चाकोऱ्या चमकू लागल्या. बैलांच्या खुरांच्या ठशांत साचलेले पाणी चमकू लागले. बाभळीच्या काट्याकाट्यावर थेंब लोंबत होते, तेही चमकू लागले. सुपडूने डोळे मिटले, पण मिटल्या डोळ्यांनी चिखलात चालवेना. उघडले की त्याचा गळा हलू लागे.

"नाना, ते झाक," तो म्हणाला. "कसं बी कर, पन झाक."

मी पुढे झालो. पहिल्या डबक्यात उतरून दोन्ही पायांनी तळाची माती ढवळली. पाणी काळे झाले, चमक गेली, आणि ते दोघे शेजारून निघून गेले. मग मी पळत पुढच्या डबक्याकडे गेलो. त्यात उतरलो, ढवळले. मग त्याच्या पुढच्या. धोतर मांड्यांपर्यंत चिखलाने भरले, दम लागला. मागे ती उलट्या पावलांनी येत होती आणि घोंगडीच्या आडून त्याचा श्वास ऐकू येत होता. मान वर करून मी पाहिले. गाव अजून झाडांच्या मागे होते, आणि तेथपर्यंतची सगळी वाट उन्हात लखलखत होती.